चिऊ, दगड तेवढे तसेच राहू दे

मुलुंड,
9 नोव्हेंबर 2025

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, टाकी इकडे आली की आधी सगळं नवं करून घेते. लाइट, दगड, स्किमर, सगळं." मी नुसतं 'बघू' म्हणालो आणि विषय पुण्याच्या थंडीवर नेला. रात्री मात्र झोप लागेना. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली नसती तर मी ही समुद्री माशांची टाकी जागची हलवली नसती, हे तुला ठाऊक आहे. आधी भाड्याच्या घरात, मग पुन्हा नव्या घरात अशी दोनदा हलवण्यापेक्षा एकदाच तुझ्याकडे नीट लागू दे, असं ठरवलं. आता जे फोनवर बोलता आलं नाही ते लिहून काढतो.

माझं मागणं एवढंच आहे: वाळू नवी घाल, आणि बाकी कशालाही तीन महिने हात लावू नकोस.

वाळूचं आधी सांगतो. अकरा वर्षांत तिच्या तळाशी माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, मेलेलं शेवाळ असं काय काय साचलंय. टाकी जागेवर असते तोवर ते निवांत पडून राहतं. गाडीत घुसळलं गेलं की अमोनिया आणि तो कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पाण्यात उतरतो आणि मासे दगावतात. म्हणून जुनी वाळू मी इथेच काढून टाकणार आहे.

दगडांचं अगदी उलट. तू ज्यांना 'जुने काळपट' म्हणालीस, त्यांच्या छिद्राछिद्रांत ते जिवाणू बसलेत जे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. 2015 च्या जानेवारीत आपण कोरडे सिरॅमिकचे दगड रचून पाणी भरलं, तेव्हा तू नववीत होतीस. शाळेतून आलीस की दप्तर न काढता विचारायचीस, "आज मासे आणायचे?" टेस्ट ट्यूबमधला अमोनियाचा हिरवा रंग पिवळा व्हायला सहा आठवडे लागले. वरचा गुलाबी कोरलाइन शेवाळाचा थर धरायला तर दुसरं वर्ष उजाडलं. नवे दगड घातलेस की ते सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेही टाकीत मासे असताना. ते मला बघवणार नाही. दगड टाकीच्याच पाण्यात बुडवून बादल्यांतून आणीन. वाटेत एकही कोरडा पडू देणार नाही.

कुणी दुकानदार हौसेने दगडी प्रवाळाचा तुकडा देऊ लागला तरी घेऊ नकोस. 2001 पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. टाकी आणायच्या आधीच्या दिवाळीत मालवणला गेलो होतो, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तू पहिल्यांदा पाण्यात तोंड घालून प्रवाळ पाहिलंस आणि होडीत चढल्यावर कितीतरी वेळ गप्प होतीस. घरी येताना तू वाळूतला एक शिंपलासुद्धा उचलला नव्हतास. आपल्याकडे मऊ प्रवाळच आहेत, मशरूम, लेदर आणि झोअँथस, आणि एवढ्या टाकीला ते पुष्कळ आहेत.

झोअँथसबद्दल एक गोष्ट कडकपणे सांगतो. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. ते असलेला दगड कधी गरम पाण्यात टाकायचा नाही, उकळायचा तर मुळीच नाही, बाहेर काढून ब्रशने घासायचाही नाही. वाफेतून आणि उडालेल्या थेंबांतून ते विष श्वासात, डोळ्यांत जातं. हात घालायचा तो हातमोजे घालून, बोटाला चीर असेल तर घालायचाच नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांग.

आता पाणी. खरं तर टाकी सांभाळणं म्हणजे पाणीच सांभाळणं. आपली टाकी दोन फुटी, पंचाहत्तर लिटरची, पण दगड वजा जाता पाणी जेमतेम साठ लिटर. रोज एक-दीड लिटर वाफ होऊन जातं. जातं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती मीठ नसलेल्या पाण्याची, आणि रोज. तीन दिवस विसरलीस तर 35 ची क्षारता 37 च्या वर जाते. मासे सोसतात, पण कोळंबी सोसत नाही. काचेवर मी मार्करने एक रेघ ओढलीय, पाणी त्या रेघेला ठेव. आणि क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा 35 क्षारतेच्या द्रावणाने तपासून घे. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य केलेला माझा एकदा वरच्या टोकाला दोन अंकांनी चुकत होता, आणि मी महिनाभर निर्धास्त होतो.

तुमच्याकडे टँकरचं पाणी येतं आणि त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, साडेसहाशे, असं तू कळवलंस. घरच्या आरओमधून त्याचे तीस-चाळीस तरी उरतील. पिण्याला ते ठीक, टाकीला नाही. आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी लावावीच लागेल, म्हणजे मीटर शून्य दाखवेल. एवढं कडक पाणी असल्यावर रेझिन लवकर संपेल, तेवढा खर्च धरून चाल.

दर रविवारी सहा लिटर पाणी बदलायचं. त्याला मीठ साधारण सव्वादोनशे ग्रॅम. शनिवारी रात्री बादलीत छोटा पंप सोडून ठेव, सकाळपर्यंत पाणी आरशासारखं होतं. गढूळ असताना ओतू नकोस.

चुन्याची निवळी मी लावली तेव्हा तू हसली होतीस, कारण तीच निवळी मी वर्गात तीस वर्षं पोरांना दाखवली. नळीने फुंकर मारली की ती दुधासारखी पांढरी होते, ते आठवतंय ना? इथे तिचं काम वेगळं. कोरलाइन शेवाळ आणि गोगलगाई पाण्यातलं कॅल्शियम आणि पीएच स्थिर ठेवणारी अल्कलिनिटी खात असतात, ती निवळी भरून काढते. रात्री टाकीचे दिवे बंद झाले की पाण्याचा पीएच उतरतो, म्हणून ती रात्रीच सोडायची. एका लिटरात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, उरलेला तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. पानाच्या ठेल्यावरचा चुना नाही, मी पुडा देतोय तो शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा आहे. बाटली झाकलेली ठेव, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते आणि निवळीतला दम जातो. सलाइनची नळी जोडलेली आहे, सेकंदाला एक थेंब, त्याच्यावर नाही. एकदम ओतलीस तर पीएच उसळतो. रविवारी अल्कलिनिटी मोजायची. आठ आली की बरोबर. साडेसात झाली तर एका दिवसात वर आणायला जाऊ नकोस, चार दिवस घे.

मोठा स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, नको म्हणतोय त्याचंही कारण आहे. तू बारावीच्या अभ्यासात होतीस त्या वर्षी मला पाणी अगदी स्वच्छ करायची धुंदी चढली होती. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, मी वहीत दोन्ही शून्यांना गोल करून ठेवले. महिन्याभरात वाळूवर तपकिरी बुळबुळीत तार दिसू लागली, तिच्यात हवेचे बारीक बुडबुडे. सकाळी कमी, दुपारपर्यंत सगळीकडे. ते डायनोफ्लॅजलेट होते, शेवाळासारखे सूक्ष्म जीव. खायला काही न उरलेल्या पाण्यात दुसरं शेवाळ माघार घेतं आणि यांचं फावतं. मी अजून पाणी बदलत गेलो, ते अजून वाढत गेले. शेवटी पाणी बदलणं थांबवलं, माशांना दोनदा खायला घालू लागलो, तीन दिवस दिवे बंद ठेवले, तेव्हा कुठे दीड महिन्याने हटले. नायट्रेट पाचाच्या आसपास राहू दे. काचेवर थोडं हिरवं आलं तर पुसून काढ, घाबरू नकोस.

आता आजीच्या तांब्याची गोष्ट. तुला माहीत आहे, तरी लिहितो. मार्च 2017, मी दहावीचे पेपर तपासण्यात बुडालेलो. टाकीत भर घालायचं काम आजीने आपणहून घेतलं होतं. आरओच्या पाण्यात जीव नसतो असं तिचं म्हणणं, म्हणून ती देवघरातल्या तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी रोज सकाळी टाकीत घालायची. पंधरा दिवसांत एकेक गोगलगाय काचेवरून सुटून पडू लागली. मग कोळंबी गेली. ती आदल्याच आठवड्यात कात टाकून नवी कोरी झाली होती, लाल पट्टे ओले असल्यासारखे चमकत होते. मासे मजेत, म्हणून मला उलगडेना. पाणी, मीठ, तापमान, सगळं बरोबर. एके दिवशी पहाटे उठलो आणि आजीला तांब्या रिकामा करताना पाहिलं. तांब्याचा अंश माशांना चालतो, बिनकण्याच्या जिवांना तो विष असतो. पाणी शुद्ध करणारा कार्बन घातला, आठवडाभर रोज पाणी बदललं. आजीला मात्र आपण शेवटपर्यंत सांगितलं नाही. तूही तोंडातून ब्र काढला नाहीस, तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता.

म्हणून तुझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना नीट समजावून सांग. टाकीत हात घालताना साबण, क्रीम काही हाताला नको. डासांचा फवारा त्या खोलीत नको. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी हवा ओढणारा पंप बंद ठेव आणि टाकीवर ओली चादर टाक.

पुण्यात दोन गोष्टी वेगळ्या असतील. आपल्याकडे हीटर क्वचितच लागला. तिकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा बराच खाली येतो, तेव्हा हीटर लागेलच, आणि तो 25 वर ठेव. उन्हाळ्यात तुझं सोपं जाईल. पाण्यावर सोडलेला पंखा वाफ करूनच गारवा देतो. इथल्या दमट हवेत तो मे महिन्यात हात टेकायचा, पुण्याच्या कोरड्या हवेत तो छान चालेल. फक्त वाफही जास्त होईल, रेघेवर लक्ष ठेव.

वीज गेली तर काय, हे तुला मी सांगायला नको. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची वीज गेली त्या दिवशी तू आणि मी स्टुलावर बसून आळीपाळीने जगाने पाणी उचलून वरून धार सोडत होतो. तू मोजत होतीस, शंभर झाले की पाळी बदलायची. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि पंप बंद, म्हणून ती धार. त्यानंतर घेतलेला बॅटरीवरचा हवेचा पंप खोक्यात सगळ्यात वर ठेवतोय. दर महिन्याला सेल तपास.

वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाचा, आवाज बदलला की उघडून बघ, आत चुन्याचं कीट धरलेलं असतं. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवला की निघतं.

टिकली आणि बिट्टू या आपल्या क्लाउनफिशच्या जोडीचं सांगायचं राहिलं. टिकली 2019 मध्ये गेली तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. पुढच्या काही महिन्यांत बिट्टू जाड होत गेला आणि त्याची मादी झाली. क्लाउनफिशमध्ये हे असंच असतं, मोठी असते ती मादी, ती गेली की नर तिची जागा घेतो. नंतर आणलेला छोटा आता नर आहे. बिट्टू अकराव्या वर्षात आहे आणि अजून खणखणीत आहे, नीट राहिली तर आणखी बरीच वर्षं काढेल. तिला सकाळी खायला घालताना ती हात ओळखते, थोडे दिवस तुझ्या हातावर चावेल. दुखत नाही.

आज सकाळी दिवे लागले तेव्हा बघितलं, डावीकडच्या तिरक्या दगडाच्या पोटाशी तिने अंडी घातलीत. तांदळाच्या कणीपेक्षा लहान, केशरी, एकाला एक लागून उभी, दोन-अडीचशे असतील. छोटा त्यांच्यासमोर तरंगत कल्ल्याजवळच्या परांनी सारखा वारा घालतोय, मधूनच एखादं खराब झालेलं अंडं तोंडाने उचलून टाकतोय. मी खाण्याची चिमूट टाकली तर दोन घास घेऊन लगेच परत गेला. आठेक दिवसांत अंड्यांत चंदेरी डोळे दिसतील आणि मग एका रात्री दिवे बंद झाल्यावर ती फुटतील. आपल्या टाकीत पिल्लं जगत नाहीत, केरळातल्या विळिंजमच्या सरकारी केंद्रात वाढवतात तसं त्यांना पहिल्या दिवसापासून वेगळं सूक्ष्म खाणं द्यावं लागतं, ते मला जमलेलं नाही. तरी त्याला त्या दगडावरून आत्ता उचलून बादलीत घालणं माझ्याने होणार नाही.

तेव्हा टाकी आणायचं ठरल्याप्रमाणे 15 ला नको. 22 तारखेच्या शनिवारी पहाटे पाचला निघतो, घर महिनाअखेरपर्यंत आपल्याच ताब्यात आहे. तू शुक्रवारी रात्री चाळीस लिटर पाणी मीठ घालून, पंप सोडून, 25 अंशांवर तयार ठेव. नवी वाळू आरओच्या पाण्याने सात-आठ वेळा धुऊन घे. टाकीची जागा खिडकीपासून लांब, आणि स्टँड पाणसळ लावून बघ. आई तुझ्यासाठी कडबोळी करतेय, ती वेगळ्या डब्यात येतील.

तुझा,
बाबा