दारव्ह्याचा नंबर फ्रायबुर्गात

दारव्हा, जि. यवतमाळ
१५ मार्च २०२६

प्रिय गजानन,
सप्रेम नमस्कार.

तिकिटं निघाली, व्हिसा हाती आला, आता राहिला फोन. एप्रिलच्या शेवटी लेकीकडे जर्मनीतल्या फ्रायबुर्गला निघायचं आणि मृगाच्या तोंडावर परत यायचं, म्हणजे सहा आठवडे धर. "रोमिंगचा पॅक मार न् मोकळा हो" असं तुला चार जण सांगतील. चार-पाच दिवसांच्या टूरवाल्याला ते ठीक आहे. दीड महिन्याला तो पॅक पुन्हा पुन्हा मारावा लागतो, आणि एवढे पैसे ओतूनही तू लेकीच्या घरात वायफायवरच बसलेला असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे: इथला नंबर ही दाराची कडी समज. कडी वाजली की कोणीतरी आलंय हे कळतं, पण गप्पा काही कडीशी उभं राहून मारत नाही. तसंच इथलं सिम फोनमध्ये चालू ठेवायचं. त्यावर ओटीपी येऊ दे, मिस कॉल येऊ दे, पण बोलायचं मात्र नेटवरून किंवा तिकडच्या सिमवरून.

सिम काढून वहिनींच्या डब्यात जपून ठेवायचं जुनं शहाणपण आता सोड. यूपीआयचं ॲप फोनमध्ये तेच सिम आहे का हे बघतं, आणि ॲपने एकदा आपल्याला बाहेर काढलं की परत नोंदणीसाठी त्याच सिमवरून मेसेज जावा लागतो. बँकेचे आणि आधारचे ओटीपीही तिथेच येतात. त्यात दूरसंचार विभागाने २०२५ च्या नोव्हेंबरात मेसेजिंग ॲप्सनाही आदेश काढला, की ज्या सिमवर खातं आहे ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू देऊ नये. म्हणजे व्हॉट्सॲपची मदारही त्याच सिमवर.

निघण्याआधी त्या सिमची तीन कामं आहेत. पहिलं रिचार्ज. ८४ दिवसांचा मार, तोही निघायच्या चार-पाच दिवस आधी, म्हणजे काही अडलं तर इथल्या दुकानात जाता येईल. मुदत संपली की इनकमिंगही बंद होतं, आणि मग कडीच निखळली. दुसरं, कंपनीच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घे. ही परवानगी आहे, पॅक नाही, दोन्हीत गल्लत करू नको. काही कंपन्यांत मात्र छोटा तरी पॅक असल्याशिवाय प्रीपेड सिम परदेशात नेटवर्कच धरत नाही. तसं असेल तर सगळ्यात स्वस्त घे. रोमिंगमध्ये येणारा मेसेज बहुतेक कंपन्यांत फुकट असतो, उचललेला फोन नाही.

तिसरं काम लोक विसरतात आणि तिथेच आपटतात. डायलरवर ##००२# टाकून हिरवं बटण दाब. सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. ते चालू राहिलं तर काय होतं बघ. धाकट्याने इथून तुला फोन लावला. तो जर्मनीत जाऊन तुझ्या खिशात वाजला. तू उचलला नाहीस, तर तोच फोन तिकडून परत भारतातल्या व्हॉइसमेलकडे किंवा दुसऱ्या नंबरकडे वळतो. जाताना एक भाडं, येताना दुसरं, आणि बोललं कोणीच नाही. हा कोड इथे असतानाच टाक. तिकडे गेल्यावर तो लागेलच असं नाही.

आणि सिम खराब वाटत असेल, बदलून घ्यायचं असेल किंवा ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच बसणारं सिम) करायचं असेल, तर आत्ता कर. सिम बदललं की चोवीस तास मेसेज बंद ठेवायचा नियम आहे, फसवणूक होऊ नये म्हणून. आदल्या दिवशी बदललंस तर नागपूरच्या विमानतळावर ओटीपीची वाट पाहत बसशील.

आता मिस कॉलचं. आपल्याकडे ही विद्या सगळ्यांना येते, तिकडेही तीच कामाला येते. घरच्यांनी तुझ्या नेहमीच्या नंबरवर फोन लावायचा, दोन-तीन रिंग वाजू द्यायच्या, ठेवून द्यायचा. त्यांच्या दृष्टीने तो साधा भारतातलाच कॉल, त्यांच्या रिचार्जमध्ये बसणारा. तू उचलला नाहीस आणि फॉरवर्डिंग बंद असलं, तर तुलाही काही लागत नाही. मग तू नेटवरून उलटा फोन करायचा. त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेव: फोन लावल्यावर पाच-सात सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग वेगळीच रिंग वाजते. नाहीतर "लागतच नाही" म्हणून आधीच ठेवून देतील. आणि तू स्वतः सवयीने हिरवं बटण दाबू नको. ब्लूटूथचं यंत्र कानात असलं आणि त्यात आपोआप उचलायची सोय असली, तर ती बंद कर.

तिकडचं सिम. लेक चार दिवस आधी आणून ठेवू शकते. जर्मनीत ही सिमं सुपरमार्केटातच मिळतात. आल्डीचं आल्डी टॉक ओटू कंपनीच्या नेटवर्कवर चालतं, लिडलचं लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या. लेकीच्या घरात आणि तिच्या रोजच्या वाटेवर कोणतं नेटवर्क नीट येतं ते तिलाच विचार, तेच घे. दोन-चार युरोंच्या फरकासाठी दुसरं घेऊ नको. ब्लॅक फॉरेस्टच्या दऱ्यांत फिरायला जाल तिथे रेंजची लपाछपी तशीही होणार. डेटाचा पॅक तिकडे महिन्याचा नसतो, चार आठवड्यांचा असतो. म्हणजे सहा आठवड्यांना दोन लागतील. शिल्लक ठेवली की तो आपोआप पुन्हा सुरू होतो, म्हणून निघायच्या आठवड्यात जास्तीचे पैसे भरू नका.

२०१७ पासून तिथे ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही. तुझा पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून व्हिडिओवर हे होतं, समोरचा माणूस पासपोर्ट तिरका कर, नंबर वाच असं सांगतो. लेकीला शेजारी बसव, दिवसाउजेडी कर आणि घरच्या वायफायवर कर. पासपोर्टवर उजेडाची चमक पडली की ते पुन्हा पुन्हा दाखवायला लावतात.

सिम टाकल्यावर फोन चार आकडी पिन मागेल. आपल्याकडे ही सवय कोणाला नाही. जर्मन सिमवर पिन असतो आणि फोन बंद करून चालू केला की दर वेळी विचारतो. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि मग पुक नावाचा आठ आकडी नंबर लागतो. ज्या प्लॅस्टिकच्या कार्डातून सिम मोडून काढाल त्यावर हे दोन्ही छापलेले असतात. ते कार्ड कचऱ्यात टाकू नको, त्याचा फोटो लेकीच्या फोनमध्येही ठेव.

तुझ्या फोनचा ट्रे बघून घे. दुसऱ्या सिमच्या जागी मेमरी कार्ड बसलेलं असेल तर तो हायब्रिड ट्रे. कार्ड काढावं लागेल, आधी त्यातले फोटो दुसरीकडे घे. ट्रे उघडायला पिन सोबत ने, आणि खोचताना नीट बघ. खालच्या बाजूचं तसंच बारीक भोक माइकचं असतं, त्यात पिन घातली की फोन बहिरा नाही, मुका होतो. *#०६# दाबून ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर फोनला ई-सिम चालतं, मग ट्रेला हातच लावायचा नाही. पण ई-सिमचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. चुकून डिलीट केलं की गेलं. ट्रे एकाच सिमचा निघाला आणि ई-सिमही नसलं, तर इथलं सिम जुन्या कीपॅड फोनमध्ये घालून ने. ओटीपी आणि मिस कॉल येतील, पण मोठ्या फोनवरचं यूपीआय आणि व्हॉट्सॲप अडू शकतं हे धरून चाल. जर्मनीत जुन्या फोनांचं टूजी नेटवर्क अजून चालू आहे. अमेरिकेला निघाला असतास तर हे सांगितलं नसतं, तिथे साधे जुने फोन आता शोभेचे.

सेटिंग असं ठेव. पहिलं सिम भारताचं: फोन चालू, डेटा रोमिंग बंद. दुसरं सिम जर्मन: मोबाइल डेटा याच्यावर. आता एक चोरवाट बुजव. बऱ्याच फोनमध्ये एका सिमचं नेट कमजोर झालं की दुसऱ्यावर आपोआप उडी मारायची सोय असते. ती बंद कर, नाहीतर डोंगरात जर्मन रेंज गेली की भारताचं सिम गुपचूप नेट ओढेल. कॉलसाठी "दर वेळी विचार" हा पर्याय निवड.

फ्रायबुर्गची एक गंमत आहे. एका अंगाला फ्रान्स, दुसऱ्या अंगाला स्वित्झर्लंड. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनच्या देशांत सिमला घरच्यासारखंच चालवून घेतात, म्हणजे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला गेलात तर जर्मन सिमचं डेटा रोमिंग चालू ठेव, वेगळे पैसे नाहीत. बाझल मात्र स्वित्झर्लंडमध्ये, आणि स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. जवळजवळ तासाभराच्या वाटेवर हिशोब बदलतो. बाझलच्या गाडीत बसण्याआधी जर्मन सिमचंही डेटा रोमिंग बंद कर. सीमेलगतच्या गावात स्विस टॉवर जोरात असला तर फोन अलीकडे असूनही तिकडचं नेटवर्क धरतो. तेव्हा सेटिंगमधून नेटवर्क हाताने निवडायचं.

प्रवासातलं थोडक्यात. विमानाचं दार लागलं की फ्लाइट मोड. हे केवळ एअर होस्टेस सांगते म्हणून नाही. काही विमानांना स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याचा दर जमिनीवरच्या रोमिंगला लाजवेल असा. दोह्याला थांबाल तेव्हा फ्लाइट मोड तसाच ठेवून नुसतं वायफाय चालू कर, "पोचलो" एवढा मेसेज टाक. फ्रँकफुर्टहून पुढे आयसीई या वेगवान रेल्वेगाडीत फुकट वायफाय असतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात टाकलेली चालत नाही. दोन पिनांचा आपला चार्जर तिथल्या बोर्डात बसतो, तीन पिनांचा बसत नाही.

नेट कमी खावं म्हणून सगळ्यात आधी व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद कर, मोबाइल डेटासाठी तर नक्कीच. आपल्या गावच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंग, वाढदिवसाचे बॅनर आणि सप्ताहाच्या कीर्तनाचे व्हिडिओ हे सहा आठवड्यांचा डेटा सहा दिवसांत संपवतील. फोटोंचा बॅकअपही फक्त वायफायवर ठेव. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला अर्धा-एक एमबी लागतो, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. फ्रायबुर्गचा नकाशा आणि भाषांतराच्या ॲपमधलं जर्मन इथूनच उतरवून ने.

फोनमधले नंबर दुरुस्त करायला एक दुपार काढ. तुझ्याकडे सगळे दहा आकडी असणार. जर्मन सिमवरून ते लागत नाहीत, फोन त्यांना जर्मनीतलेच नंबर समजतो. प्रत्येकाच्या पुढे +९१ लाव. यवतमाळची लँडलाइन असेल तर ०७२३२ मधलं शून्य गाळून +९१ ७२३२ असं. सगळे नाही जमले तरी घर, डॉक्टर, बँक, कृषी केंद्र आणि सालदार एवढे कर.

आता आईंचं. त्यांचा फोन कीपॅडचा, तिथे व्हॉट्सॲप नाही. धाकटा घरी असला तर त्याच्या फोनवर व्हिडिओ होईल, पण तो वावरात असताना काय? पूर्वी यासाठी स्काइप होतं, ते २०२५ च्या मे महिन्यात बंद झालं. वायबर आउटसारखी ॲपं पैसे भरून साध्या फोनवर कॉल लावून देतात आणि दर कमी असतो, पण समोर भलताच नंबर दिसू शकतो. तुझा इथलाच नंबर दिसेल असं सांगणाऱ्या ॲपच्या नादी लागू नको. बाहेरून येणारे बनावट +९१ चे कॉल अडवायची यंत्रणा सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू केली आहे. आईंसाठी मला जर्मन सिमच बरं वाटतं. भारताच्या मिनिटांचा जोड पॅक त्यावर मिळतो का ते लेकीला बघायला सांग, आणि तसा मिळत नसेल तर लेबारासारख्या परदेशी कॉलवाल्या सिमांचे पॅक बघा. नंबर रोज तोच दिसतो, हा मोठा फायदा. अनोळखी परदेशी नंबर उचलू नका असं आपणच म्हाताऱ्यांना घोकवलंय, म्हणून +४९ ने सुरू होणारा तो नंबर मिळाल्याबरोबर धाकट्याकडून त्यांच्या फोनमध्ये नावानिशी टाकून घे. त्यांना उचलायचे पैसे लागत नाहीत. पण त्या नंबरवर उलटा फोन लावायचा नाही हे पक्कं सांग, आयएसडी लागतो. काम असलं तर जुन्याच नंबरवर मिस कॉल.

वेळ धरून ठेव. मे महिन्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. तिकडे संध्याकाळी पाच वाजता इथे साडेआठ होतात. आईंचं जेवण आटोपलेलं, धाकटा घरी आलेला. तिकडे आठला फोन लावलास तर इथे साडेअकरा, आणि एवढ्या रात्री फोन वाजला की माणसाच्या छातीत धस्स होतं.

एक खूण मात्र ठरवून जा. "तुमचा माणूस जर्मनीत अडकला, पैसे पाठवा" असा फोन कोणी केला तर धाकट्याने काही न बोलता ठेवावा आणि तुझ्या जुन्या नंबरवर एका मागोमाग एक तीन मिस कॉल मारावेत. तीन म्हणजे लगेच फोन कर. एक म्हणजे सवडीने.

निघायच्या आधीच्या रविवारी घरी ये, नाहीतर मीच येतो. फोन वायफायवर टाकू, पहिल्या सिमचा डेटा बंद करू, धाकट्याला गोठ्यात उभं करून मिस कॉल मारायला लावू आणि आईंना सगळं करून दाखवू. तोवर ##००२# तेवढं आजच दाब.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझा,
विठ्ठल