जुनी मोटारसायकल द्यावी की सुधारावी?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुनी मोटारसायकल देऊन नवी घ्यावी की तिच्यावरच खर्च करावा, हा निर्णय बहुतेक जण शोरूममध्ये उभे राहून घेतात. माझ्या मते तो आपल्या गाडीशेजारी उकिडवे बसून घ्यायला हवा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर इंजिनमधल्या पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील (ऑइल अडवणारे भाग) झिजून ऑइल जळत असण्याची शक्यता मोठी असते. हे काम खर्चिक असले तरी होण्याजोगे आहे. चॅसी (गाडीचा सांगाडा) वाकली असेल किंवा सांध्यांपाशी गंजाने पोखरली असेल, तर मात्र त्या गाडीवर पैसा घालू नये.

गाडी वळणावर डगमगते म्हणून मीही माझी गाडी विकायला काढली होती. टायरची नक्षी शाबूत होती, पण रबर कडक होऊन कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. टायरच्या कडेवर छापलेल्या डीओटी (DOT) क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत तो कधी बनला ते लिहिलेले असते (२३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा), हे मला तेव्हा कळले. दोन्ही टायर आणि पुढच्या फोर्कमधले (पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या नळ्यांमधले) ऑइल बदलल्यावर गाडी विकण्याचे कारणच उरले नाही.

एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) हवे असेल, तर मात्र नवी गाडीच घ्यावी, कारण चाकांवरचे सेन्सर आणि हायड्रॉलिक युनिट जुन्या गाडीत नंतर बसवणे व्यवहार्य नसते. एक्स्चेंज करताना, म्हणजे जुनी गाडी देऊन नवी घेताना, जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीवरील सवलतीत न मिसळता वेगळी लिहून मागावी, ही माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक