मीनलला पत्र, सालामांकाच्या सहलीबद्दल

नौपाडा, ठाणे
12 जुलै 2026

प्रिय मीनल,

तुझा निरोप मिळाला. तुमच्या नेरूळच्या शाळेनं आठवी-नववीच्या स्पॅनिशच्या मुलांना पुढच्या मे महिन्यात स्पेनला न्यायचं ठरवलं आणि आखणी तुझ्याकडे आली, याचा फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. सुरुवात शहरापासून कर. राहणं, वर्ग, खर्च सगळं त्याच्यावर ठरतं.

एजंट तुला बार्सिलोना दाखवतील. शहर सुंदर आहे, पण तिथे पाट्यांवर, शाळांत आणि घराघरांत कातालान ही वेगळी भाषा आहे. ज्यांचं स्पॅनिश अजून पहिल्या पायरीवर आहे ती मुलं गोंधळतात. माद्रिद मोठं, मेट्रोशिवाय पान हलत नाही आणि खिसेकापूंचा ताप वेगळा. तू सालामांका घे. साधारण दीड लाखाच्या आतली वस्ती, जुनं गाव पायी फिरता येतं, बोली स्वच्छ कास्तिलियन, म्हणजे प्रमाण स्पॅनिश. विद्यापीठ 1218 सालचं, आणि स्पॅनिशचं पहिलं व्याकरण, आंतोनिओ दे नेब्रिखाचं, 1492 मध्ये इथेच छापलं गेलं. परक्यांना भाषा शिकवणं हा गावाचा नेहमीचा व्यवसाय असल्यामुळे दुकानदारही अडखळणाऱ्या मुलासाठी थांबतो. कुठलाही निर्णय घेताना एवढंच बघ: यामुळे पोराला दिवसातून जास्त वेळा स्पॅनिशमध्ये तोंड उघडावं लागेल की कमी?

तारखा. सोमवार 3 मे ते शुक्रवार 14 मे 2027, असे दहा दिवस वर्ग धर. एप्रिलचा शेवट टाळ, कारण 23 एप्रिल हा त्या प्रांताचा सणाचा दिवस आणि 1 मे देशभर सुट्टी. असा एखादा दिवस मध्ये आला की भाषाशाळा बंद राहते, आणि बुडालेल्या तासांचे पैसे परत मिळतीलच असं नाही. तू 1 मेला, शनिवारी, पोहोचशील. त्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दोन्ही दिवस बहुतेक दुकानं बंद. दोन दिवसांचा सुका खाऊ प्रत्येकाच्या बॅगेत असू दे. मे महिन्याचा खरा फायदा निराळा आहे. तिथल्या शाळा जूनपर्यंत भरतात, त्यामुळे त्याच वयाच्या स्पॅनिश मुलांशी गाठ घालून देता येते. जुलैत गेलीस तर ती मुलं सुट्टीवर.

आता पासपोर्ट. अठरा मुलं आणि तीन शिक्षक, असे एकवीस जण ठेव. एखादं मूल आजारी पडलं आणि एका शिक्षकाला दवाखान्यात थांबावं लागलं, तरी बाकीच्यांजवळ दोघं उरतात. तिघांत निदान एक बाई हवीच. ज्या मुलांकडे पासपोर्ट नाहीत त्यांनी या महिन्यातच अर्ज करू दे. तुमची निम्मी मुलं ऐरोली-ठाण्याची आहेत, त्यांना वागळे इस्टेटचं सेवा केंद्र जवळ पडेल. अल्पवयीन मुलासाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं संमतीचं जोडपत्र, ‘अ‍ॅनेक्शर डी’ लागतं. वडील आखातात नोकरीला असतील तर त्यांची सही तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून यावी लागते आणि त्यात आठवडे जातात. अशा घरांची यादी आधी काढ. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांचीही तारीख बघ. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असावा लागतो. शिवाय दोन कोरी पानं हवीत.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो, म्हणून इथे थोडी थांबते. शाळेच्या हजेरीपटावर ‘पाटील सानिका राजेश’ असतं. पासपोर्टवर ‘सानिका राजेश’ हे नाव आणि ‘पाटील’ हे आडनाव. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाची ओळ कोरीच असते आणि तिन्ही शब्द नावाच्या ओळीत बसवलेले असतात. शाळेच्या कार्यालयानं हजेरीपटावरून यादी टाइप केली, तीच एजंटनं विमान कंपनीला दिली, विमा तिसऱ्याच क्रमानं निघाला, की एकाच मुलाची तीन नावं तयार. मग व्हिसाची फाइल अडते, आणि नाही अडली तर विमानतळावर अडते. म्हणून यादी हजेरीपटावरून करूच नकोस. प्रत्येक पासपोर्टचं पहिलं पान स्कॅन करून घे. त्या पानाच्या तळाशी बाणांच्या चिन्हांच्या दोन ओळी असतात, त्यातलं स्पेलिंग अक्षरन् अक्षर उतरवून एकच यादी बनव. तिकीट, विमा, भाषाशाळेचं पत्र, शाळेचं पत्र, सगळं त्या एका यादीवरून निघू दे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच, अल्प मुदतीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला पंधरा दिवस, पण अडला तर पंचेचाळीस लागू शकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी मार्चपासून वाढते, तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांच्या वेळा घे. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे तुझी अठराच्या अठरा मुलं मुंबईच्या व्हिसा केंद्रात स्वतः जाणार. त्या दिवशी शाळेची बस सांग. फोटो 35 गुणिले 45 मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. विमा किमान 30,000 युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. त्यात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला असावा आणि मुदत परतीच्या तारखेच्या पुढे एक-दोन दिवस असावी. आई-वडिलांचं संमतिपत्र दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं. कोर्ट नाक्यावर एकाच दिवशी सगळ्या पालकांना बोलावलंस तर मजकूर सारखा राहतो. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडायला सांग.

एक गोष्ट एजंट क्वचितच आपणहून सांगतात. प्रौढांचं व्हिसा शुल्क 90 युरो आहे आणि बारा वर्षांपुढच्या मुलांनाही तेच लागतं, पण शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना शेंगेनच्या नियमांनुसार ते माफ आहे. केंद्राचं सेवाशुल्क तेवढं भरावं लागतं. एकवीस जणांचे मिळून 1890 युरो होतात, तेव्हा कोटेशनमध्ये ती ओळ दिसली तर विचार. माफी मिळायला दोन पत्रं मजबूत हवीत: तुमच्या मुख्याध्यापकांचं, सहल अभ्यासक्रमाचा भाग असल्याचं, आणि तिकडच्या भाषाशाळेचं, तारखा व तासांसह प्रवेशाचं. पालकांच्या पॅनवर टीसीएस, म्हणजे सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा आयकर, कापला जाईल, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हेही पहिल्याच पालकसभेत सांगून टाक. नाहीतर शेवटच्या हप्त्याला वाद होतात.

विमान आखातातून बदलणारं घे. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलीस तर युरोपात शिरण्याची तपासणी तिथेच होते, आणि आता पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाची सीमेवरही फोटो काढून नोंद करतात. एकवीस जण रांगेत आणि पुढचं विमान दीड तासात, हा जुगार नको. दोहा किंवा दुबईमार्गे गेलं की तपासणी थेट माद्रिदला, आणि बाहेर बस वाट बघत उभी. माद्रिदहून सालामांका साधारण सव्वादोनशे किलोमीटर, अडीच तास. रेल्वे चांगली आहे, पण रात्रभर जागलेली मुलं आणि एकवीस सुटकेसी घेऊन स्टेशन बदलणं नको, बसच ठरव.

राहायला हॉटेल किंवा वसतिगृह घेऊ नकोस, कितीही स्वस्त पडलं तरी. एका खोलीत चार मुलं ठेवलीस की रात्रभर मराठी-हिंदीच चालणार. कुटुंबांत ठेव, एका घरात दोघं. एकटं मूल घाबरतं आणि तिघं असली की आपापसातच बोलतात. जोड्या मैत्रीवरून नको, भाषेच्या पातळीवरून लाव: दोघांची पातळी सारखी हवी, नाहीतर एकच बोलतो आणि दुसरा मान डोलावतो.

जेवणाचा मुद्दा मात्र नीट घे. फॉर्मवर नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलंस तर ताटात ट्यूना मासा येईल, मसुरीच्या आमटीत चोरिथोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे, तुकडे येतील, आणि फरसबीवर खामोन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, भुरभुरलेलं असेल. तिकडे ‘कार्ने’ म्हटलं की अनेकांच्या मनात फक्त मटणासारखं मांस येतं. म्हणून एकेक शब्द लिही: मांस नाही, मासे नाहीत, खामोन नाही, मांसाचं पाणी वापरलेलं सूप नाही, अंडं चालतं की नाही. जैन मुलांसाठी कांदा, लसूण, बटाटा वेगळा लिही, कारण तिकडची तोर्तिया म्हणजे अंडं आणि बटाटाच. ओर्नाथो हा सालामांकाचा खास पदार्थ बाहेरून निव्वळ पावासारखा दिसतो, पण आत डुकराचं मांस भरलेलं असतं. मांतेकादो नावाच्या बिस्किटांत चरबी असते. हे वाक्य प्रत्येकाच्या जिभेवर बसव: ‘¿येवा खामोन?’, म्हणजे यात खामोन आहे का. टोमॅटो लावलेला पाव, भाज्यांचा पिस्तो, चीज, चुरो-चॉकलेट यावर मुलं खुशाल राहतात. दुपारचं जेवण दोन-अडीचला आणि रात्रीचं नऊनंतर, तेव्हा मधल्या वेळेला काहीतरी जवळ लागतं. मे महिन्यात सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मुलांना रात्र झाल्याचं कळतच नाही. घरी परतायची वेळ घड्याळावर बांधून दे.

वर्ग आठवड्याला वीस तासिकांचे असतात, सकाळी. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पॅनिश भाषेच्या सरकारी संस्थेची मान्यता असलेलीच शाळा निवड. तेरा ते पंधरा वयाच्या मुलांचा मे महिन्यात बहुधा आपलाच बंद गट होतो, म्हणून करारातच लिहून घे: पातळी चाचणीनंतर दोन तुकड्या, आणि आठवड्यातून निदान तीनदा स्थानिक शाळेतल्या मुलांबरोबर एक तास. अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी, हे घड्याळ लावून. त्या मुलांनाही इंग्रजी हवं असतं, त्यामुळे वेळ लावली नाही तर सगळा तास इंग्रजीत जातो.

खरं काम मात्र जाण्याआधीचं, आणि तिथे मराठी हाताशी आहे. मुलं ‘ताको’ला इंग्रजीसारखं ‘टाको’ म्हणतात. त्यांना सांग, आपला दंत्य त, आपला द, आणि क-प श्वास न सोडता, हेच स्पॅनिशचे उच्चार. सालामांकात ‘ग्राथियास’ (धन्यवाद) मधला थ आपल्या थ-सारखा नाही, त्यात जिभेचं टोक दातांमध्ये आणून हवा सोडत राहायची. व्याकरणातही तेच. ‘मे गुस्ता’ (मला आवडतं) शिकवताना इंग्रजी मध्ये आणलंस की मुलं ‘यो गुस्तो’ म्हणतात. मराठीतून शिकव: मला चहा आवडतो, मला संत्री आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, मे गुस्ता एल ते, मे गुस्तान लास नारांखास. एका तासात बसतं.

दुपारी कामं दे, प्रेक्षणीय स्थळांची नुसती फेरी नको. प्लाथा मायोर या मुख्य चौकाला लागूनच मंडई आहे. दोघा-दोघांना पाच युरो देऊन पाठव. आधी रांगेतलं वाक्य: ‘¿किएन एस एल उल्तिमो?’, शेवटचा कोण. तिथे काही ठेल्यांवर लोक उभे इकडेतिकडे असतात, पण आपला नंबर कोणामागे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. न विचारता पुढे गेलं तर रागावतात. मग चीज मागायचं, ‘उन कुआर्तो’, म्हणजे आपलं पाव किलो. आणि ‘कुआर्तो इ मिताद’ म्हणजे पाव किलो आणि वर अदपाव, 375 ग्रॅम. आपल्या आज्या बाजारात असंच मागायच्या, मुलांना ते आवडेल. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला दगडी बेडूक शोधायचा, पण लोकांना विचारूनच, फोनवर नाही. फोन वर्गानंतर शिक्षकांकडे ठेवलेस तर आणखी बरं. घरी रोज एकच ठरलेल्या वेळी फोन. साडेतीन तासांचा फरक आहे, तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले साडेनऊ.

थोडं किरकोळ. मे असला तरी रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, जाड जॅकेट हवंच. पैसे पाच-दहाच्या नोटांत. आणीबाणीला 112. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. यजमानांसाठी भेट म्हणून हापूसची पेटी न्यायचा मोह प्रत्येक पालकाला होईल. नेता येत नाही: आंब्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदीच आहे, म्हणजे पेढे, श्रीखंड, तूप सगळं बाद. शेंगदाण्याची गुळाची चिक्की न्या, नाहीतर लहानशी वारली चित्रं. ती बॅगेत सपाट बसतात, आणि त्यावरचं प्रत्येक चित्र म्हणजे यजमानांशी बोलायला एक विषय.

गणपतीच्या आधी पासपोर्टांच्या पानांवरून केलेली यादी मला पाठव, मी एकेक नाव ताडून देते. भाषाशाळेला पाठवायच्या जेवणाच्या फॉर्मचा स्पॅनिश मजकूरही त्याबरोबरच लिहून देईन.

तुझी,
शुभदा