औषधाची बाटली फेकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी औषध कारखान्याच्या तपासणी विभागात हयात घालवलेला निवृत्त माणूस. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरे आमच्या नागपुरात उपचारांसाठी येत होती, तेव्हाच्या बातम्या आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. साधा खोकला-ताप, घरात सिरपची बाटली आणि काही दिवसांत लघवी बंद. वीसहून अधिक मुले गेली. त्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल सापडले ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे द्रावक. रंग नाही, वास जवळपास नाही, चव गोडसर आणि दिसायला हुबेहूब सिरपमध्ये घालतात ते ग्लिसरीन. पिंपावरच्या लेबलावर विश्वास टाकला की घात झालाच. पोटात गेल्यावर त्याचे डायग्लायकोलिक आम्ल होते आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका जाळते. आधी उलट्या, पोटदुखी; लघवी थांबेपर्यंत कुणाला शंकाही येत नाही.

आणि आपल्याला हे नवे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रावकात सल्फा औषध विरघळवले, शंभरावर माणसे दगावली, तेव्हा १९३८चा तिथला कायदा झाला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली, अहवाल आला. माझ्या पिढीतल्या प्रत्येक केमिस्टला तो आठवतो. त्यानंतरही १९९८ मध्ये गुरगाव, २०२० मध्ये जम्मू, २०२२ मध्ये गांबिया. गांबियातली सुमारे ७० मुले भारतात बनलेल्या सिरपमुळे गेल्याचा संशय जागतिक आरोग्य संघटनेने घेतला. आपल्या देशाचे नाव असे घेतले जावे, याची मला मनापासून लाज वाटते.

यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते बांगलादेशातले काम. तिथे १९९० ते १९९२ या काळात मूत्रपिंडे निकामी झालेल्या ३३९ मुलांच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या आणि धागा पॅरासिटामॉलच्या सिरपपर्यंत नेला. मोठी यंत्रे नंतर आली. आधी कुणीतरी आईला विचारले, बाळाला काय पाजले होते?

म्हणून दोन मागण्या. ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल या सिरपच्या कच्च्या मालाचे प्रत्येक पिंप कारखान्यात उघडण्यापूर्वी तपासले गेले पाहिजे, आणि तो निकाल अन्न व औषध प्रशासनाने बॅच क्रमांकासह लोकांसमोर ठेवावा. पिंपातली ही भेसळ पकडायला थिन लेअर क्रोमॅटोग्राफीची (पातळ थराच्या पट्टीवर मिश्रणातले घटक वेगळे करून पाहण्याची) प्राथमिक चाचणी पुरते. ती महाग नाही, छोट्या कारखान्यालाही परवडते. दुसरे, लहान मुलाची लघवी विनाकारण बंद झाली की डॉक्टरांनी त्याच दिवशी औषधाची बाटली मागवून घ्यावी आणि प्रशासनाला कळवावे.

आयाबहिणींना हात जोडून विनंती : मूल आजारी असताना अर्धी संपलेली बाटली फेकू नका. लघवी कमी झाली तर औषध बंद करा, मुलाला आणि बाटलीला घेऊन लगेच दवाखाना गाठा.

— एक निवृत्त औषध तपासनीस, नागपूर