व्हॅलमायरची हकिगत मराठीत आणण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

सेंट लुइसहून मिसिसिपीच्या पूर्व काठानं दक्षिणेला साधारण ३० मैल गेलं की इलिनॉय राज्यातल्या मन्रो काउंटीत व्हॅलमायर हे गाव लागतं. २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती १,२३३. मका, सोयाबीन आणि गव्हाच्या शेतांनी वेढलेलं हे गाव १९९३ च्या महापुरानंतर नदीकाठची जागा सोडून डोंगरावर जाऊन वसलं. या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या आमच्या मंडळानं त्या स्थलांतराची हकिगत नकाशांसह मराठीत तयार करायची आणि महाराष्ट्रात पुनर्वसन होऊ घातलेल्या गावांपर्यंत पोचवायची असं ठरवलं आहे. त्यासाठी पैसा हवा आहे, जाणकार माणसं हवी आहेत आणि तुमच्या आठवणीही हव्या आहेत.

आधी या गावाची जागा नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा प्रश्न जागेचाच आहे. आल्टनपासून कास्कास्किया नदीपर्यंत मिसिसिपीच्या पूर्वेला गाळाच्या सपाट जमिनीचा एक लांब पट्टा पसरला आहे. त्याला अमेरिकन बॉटम म्हणतात. हजारो वर्षांच्या पुरांनी आणून टाकलेली ही माती आहे. कहोकियाचे प्राचीन मातीचे उंचवटे याच पट्ट्याच्या उत्तर भागात आहेत, म्हणजे इथं माणूस फार आधीपासून पिकवून खात आला. पट्ट्याच्या पूर्व कडेला चुनखडीचे उभे कडे आहेत. जुनं व्हॅलमायर या कड्यांच्या पायथ्याशी, सपाटीवर होतं. नदी आणि गाव यांच्यामध्ये शेतं आणि मातीचे बांध.

ही नदी काय करू शकते ते पाहायचं तर थोडं खाली कास्कास्कियाला जावं. १८१८ साली इलिनॉय राज्य झालं तेव्हा ती त्याची पहिली राजधानी होती. १८८१ मध्ये मिसिसिपीनं पात्र बदललं, जुनं गाव गिळलं, आणि आज कास्कास्किया इलिनॉयमध्ये असूनही नदीच्या पलीकडे, मिझुरीच्या बाजूला आहे. २०१० च्या जनगणनेत तिथं १४ माणसं उरली होती.

व्हॅलमायरनंही १९४० च्या दशकात पूर सोसले. नंतर बांध उंच झाले, आणि जवळजवळ दोन पिढ्या लोक निर्धास्त राहिले. १ ऑगस्ट १९९३ ला सेंट लुइसला नदीची पातळी ४९.५८ फुटांवर गेली. तिथली पूररेषा ३० फुटांची आहे. त्याच सुमारास व्हॅलमायरच्या बाजूचे बांध ओलांडून पाणी गावात शिरलं. ते ओसरून लोक साफसफाईला लागतात तोच सप्टेंबरमध्ये ते पुन्हा आलं. बहुतेक घरं दुरुस्तीपलीकडे गेली. नियम असा होता की निम्म्याहून जास्त नुकसान झालेलं घर त्याच जागी बांधायचं तर पूरपातळीच्या वर उचलून बांधायचं. एवढा खर्च करून पुन्हा त्याच पाण्याच्या वाटेवर राहायचं का, हा प्रश्न गावासमोर होता.

यापुढचा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. गावानं सभा घेतल्या, मत घेतलं, आणि बहुमतानं एकत्र हलायचं ठरवलं. नवीन जागा सरकारनं दाखवली म्हणून घेतली असं झालं नाही. कड्याच्या माथ्यावर, जुन्या गावापेक्षा सुमारे ४०० फूट उंचावर, साधारण ५०० एकर जमीन घेण्यात आली. घरं, रस्ते, शाळा, पाणी यांच्यासाठी गावकऱ्यांच्याच समित्या बसल्या. डेनिस नोब्लॉक हे तेव्हाचे मेयर. केंद्राच्या आणि राज्याच्या कितीतरी खात्यांशी बोलणी करावी लागली. लोक तोवर ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या तात्पुरत्या घरांत राहिले. १९९३ च्या डिसेंबरात नव्या जागेवर कामाला सुरुवात झाली आणि १९९५ पासून कुटुंबं राहायला जाऊ लागली.

जनगणनेचे आकडे पाहिले की या वाटचालीची किंमतही दिसते. १९९० मध्ये ८९७ माणसं होती. २००० मध्ये ६०८. वाट पाहणं ज्यांना परवडलं नाही ती कुटुंबं आजूबाजूच्या गावांत कायमची गेली. २०१० ला आकडा १,२६३ झाला, म्हणजे पुराच्या आधीपेक्षाही जास्त. मात्र वाढलेल्यांत बरेच जण नवे, सेंट लुइसकडे नोकरीला जाणारे. जुन्या मुख्य रस्त्यावरची दुकानं नव्या गावात तशी उभी राहिली नाहीत. पूर्वी पायी होणारी कामं आता गाडीनं होतात. हेही पुस्तिकेत लिहिलं पाहिजे असा आमचा आग्रह आहे. नुसत्या यशाची गोष्ट वाचून कुठल्याही ग्रामसभेला उपयोग होणार नाही.

शेती मात्र खालीच राहिली. घर कड्यावर आणि शेत गाळाच्या पट्ट्यात. हे इथं जमलं, कारण नवं गाव जुन्यापासून दोनेक मैलांवरच आहे आणि प्रत्येकाकडे गाडी आहे. आपल्याकडे शेत आणि घर यांतलं अंतर वाढलं की गोठा कुठं, वैरण कुठं, राखण कोण करणार, इथपासून सगळं बदलतं.

व्हॅलमायर बुडालं त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी बसवावी लागली. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांनी आणि एकमेकांपासून लांब बांधलेल्या घरांनी जुनी आळी, भावकी, शेजार विस्कटला. पुढं माळीण झालं, तळिये झालं, २०२३ मध्ये इर्शाळवाडी झाली. दर वेळी नवं गावठाण आखलं जातं, आणि आखणीच्या वेळी गावकऱ्यांच्या हातात दाखवायला काही नसतं. दुसऱ्या एका शेतकरी गावानं काय मागितलं, कशावर अडून बसलं, काय गमावलं, हे त्यांच्यासमोर मराठीत ठेवता यावं एवढाच आमचा हेतू आहे.

काम असं योजलं आहे. जुन्या आणि नव्या गावाचे मोठे कापडी नकाशे, घडी करून एसटीतून नेता येतील असे. सोबत एक सोपी पुस्तिका, ग्रामसभेत मोठ्यानं वाचता येईल अशा भाषेत. व्हॅलमायरच्या लोकांच्या आठवणी त्यांच्या संमतीशिवाय घेणार नाही, आणि ज्यांना बोलायचं नाही त्यांना भरीस पाडणार नाही. त्या दिवसांबद्दल बोलणं अजूनही अनेकांना जड जातं.

छपाई, कापड आणि महाराष्ट्रातला प्रवास यांसाठी देणगी हवी आहे. रक्कम कितीही असो, २० डॉलर असोत की ५०० रुपये. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब मंडळाच्या वार्षिक सभेत मांडला जाईल. नकाशे काढणारे, नगररचना शिकलेले किंवा इंग्रजी सरकारी कागद मराठीत सुबोध करू शकणारे कुणी असाल तर तुमची फार गरज आहे. आणि किल्लारी, सास्तूर, माळीण किंवा धरणाखाली गेलेल्या एखाद्या गावातून तुम्ही किंवा तुमचे आई-वडील आले असतील, तर जुन्या गावठाणाचा हातानं काढलेला नकाशा आम्हाला पाठवा. पार कुठं होता, पाणवठा कुठं, कुणाच्या घराला कुणाचं घर लागून होतं, एवढं दाखवलं तरी पुरे. चित्र चांगलं येत नाही म्हणून मागं राहू नका.

देणगी आणि नकाशे मंडळाच्या कार्यकारिणीतल्या कोणत्याही सदस्याकडे द्यावेत. पुस्तिकेचा कच्चा मसुदा दिवाळीनंतर सभासदांना वाचायला मिळेल. किल्लारी परिसरातल्या वाचकांनी तो छपाईआधी तपासून द्यावा, अशी त्यांना खास विनंती आहे.