वाफेतली ऊब दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

साहित्यातल्या वाफेवरचा माझा लेख अखेर पूर्ण झाला. त्याचं मोठं श्रेय तुमचं आहे आणि ते चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

वाफ आली की लेखणी बहुधा क्षणभंगुरतेकडेच वळते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात माणूस म्हणजे थोडा वेळ दिसून नाहीशी होणारी वाफ. मार्क्स-एंगल्सनी १८४८ मध्ये कम्युनिस्ट जाहीरनाम्यात जुनी, भक्कम समाजरचना वाफ होऊन उडताना पाहिली. अशी उदाहरणं माझ्याकडे भरपूर होती.

तुम्ही किटली उकळत ठेवलीत आणि तोटीच्या तोंडाशी, पांढऱ्या लोटाच्या अलीकडे, बोटभर मोकळी जागा दाखवलीत. खरी वाफ तिथे असते, डोळ्यांना न दिसणारी. पुढचा पांढरा लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. मग शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात ओळखलेली सुप्त उष्णता समजावलीत. ग्रॅमभर पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण १०० कॅलरी लागतात; त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०, आणि तेवढा वेळ पारा जागचा हलत नाही. वाफेचं पुन्हा पाणी होताना ही सगळी उष्णता बाहेर पडते.

ते ऐकून मी मेघदूत नव्याने वाचलं. यक्ष मेघाला म्हणतो, या पर्वताला आलिंगन देऊन निरोप घे; दरवर्षी तू भेटलास की तो दीर्घ विरहाचे ऊन अश्रू ढाळतो. तापलेल्या कातळावर पहिली सर पडून निघणारी वाफ कालिदासाने अशी पाहिली! त्या अश्रूंची ऊब मला तुमच्यामुळे जाणवली. रघुवंशातला दिलीप राजा प्रजेच्याच भल्यासाठी कर घेतो, जसा सूर्य हजारपटीने परत देण्यासाठी पाणी शोषून घेतो. इथे वाफ होणं म्हणजे ठेव. मला ही प्रतिमा बाकी सगळ्यांहून मोठी वाटते, कारण ती निसर्गाच्या व्यवहाराला धरून आहे. लेखाचा उत्तरार्ध तिच्यावरच उभा आहे.

साहित्यवालीला हे कशाला हवं, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. माझा प्रत्येक प्रश्न मनापासून ऐकलात. फार फार आभार, सर.

लेखाची प्रत सोबत पाठवते आहे. उष्णतेचा परिच्छेद तेवढा तपासून द्याल ना?

तुमची कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी