काका, पंखा बंद केल्याबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा टाकायला सांगू का’ म्हणत विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. सोसायटीतले ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आधी मनात साचलेलं बाहेर काढते. आमच्या लेकाचा दिवाळीतला किल्ला तुम्ही पाहिलेला आहे. बाजारातून आणलेले मावळे, सगळ्यांचे चेहरे एकाच गुलाबी रंगाचे, मिशी एका फटकाऱ्यात ओढलेली. ढालीवरचे चार गोल उंचवटे घडवणाऱ्याने नीट काढलेले असायचे आणि रंगवणारा त्यावरून सरसकट ब्रश फिरवून मोकळा व्हायचा. लेक मोठा झाला, किल्ला सुटला. माझी मात्र तेव्हाची खुमखुमी राहून गेली, की असा एक तरी शिपाई आपण नीट रंगवावा.

तर दुकानात गेले. “मुलाचं वय काय?” हा पहिला प्रश्न. माझ्यासाठीच हवंय म्हटल्यावर त्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ट्रिपल झीरो नंबरचा ब्रश हातात ठेवला. बारीक कामाला बारीक ब्रश. मला पटलं, कुणालाही पटेल.

मग असे छोटे शिपाई रंगवायला शिकवणारं ते वर्कशॉप. फी चांगली सणसणीत, हॉल गारेगार, माझी खुर्ची थेट एसीच्या झोताखाली. प्रत्येकाला प्लास्टिकचा एक रोमन शिपाई. मी रंग घ्यायची आणि चेहऱ्यापर्यंत पोचेतो तो ब्रशच्या टोकावर वाळून गुठळी व्हायची. सरांनी दोन मिनिटं पाहिलं, म्हणाले, “मॅडम, तुमचा हात जड आहे. हे रांगोळीचं काम नाही.” आणि शिपाई माझ्या हातातून काढून घेऊन डोळे स्वतःच रंगवून टाकले. वर तो माझ्या हातात देऊन फोटो काढला, पुढच्या बॅचच्या जाहिरातीसाठी. तो शिपाई कपाटात गेला आणि ‘हात जड आहे’ हे वाक्य डोक्यात मुक्कामाला आलं. पुरणपोळी लाटताना, सुईत दोरा ओवताना, कधीही आठवायचं.

तुमच्याकडे सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला आले नसते तर तो अजून कपाटातच असता. शोकेसमधले तुमचे शिपाई मी पाहत उभी राहिले, तुम्ही ते पाहिलंत. काही विचारलं नाहीत. “तुझ्याकडे एखादा असेल तर घेऊन ये,” एवढंच. आणल्यावर त्याचे ते टपोरे, दुसऱ्याने काढलेले डोळे बघून म्हणालात, “हे तुला ठेवायचेत का?” मी मान हलवली. “डेटॉल आहे घरी?”

रात्रभर डेटॉलमध्ये बुडवून सकाळी जुन्या टूथब्रशने घासल्यावर सरांचे डोळे निघाले. लगेच नळाखाली धरू नकोस, रंगाचा चिकट लगदा होतो, आधी डेटॉलमध्येच घासून काढ, ही सूचना तुम्ही जिन्यात थांबवून पुन्हा एकदा दिली होतीत. तेवढं समाधान मला त्या अख्ख्या वर्कशॉपात मिळालं नव्हतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मे महिना. ठाण्याच्या मे महिन्याबद्दल ठाणेकरांना काय सांगायचं? तुमच्या बाल्कनीजवळच्या टेबलावर मी बसलेली, शिपाई औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलेला. रंग पुन्हा टोकावर वाळायला लागला. मी आपणहूनच म्हटलं, “काका, माझा हात जडच आहे हो.” तुम्ही उत्तर दिलं नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठलात, भिंतीपाशी गेलात आणि पंखा बंद केलात. परत येऊन बसलात. ट्रिपल झीरो बाजूला सारून स्वतःचा एक नंबरचा, त्याहून जाड ब्रश पुढे केलात. पोट भरलेलं, टोक मात्र सुईचं. “त्या बारक्याच्या पोटात रंगच मावत नाही, तो वाळणारच. आणि पाणी घाल अजून. दुधाइतका पातळ.”

रंग लागला, काका. पहिल्याच हाताला, सरळ, गुठळीशिवाय.

तुम्ही पंचाहत्तरी ओलांडलेली. कपाळावरून घाम चष्म्याच्या काडीवर उतरत होता, तुम्ही नॅपकिनने टिपत होता आणि नजर माझ्या ब्रशवर. काकू आतून आल्या, “अहो, पंखा का बंद? शिजून मराल दोघं!” तुम्ही म्हणालात, “काम चाललंय.” काकूंनी कोकम सरबत आणून ठेवलं आणि त्याही तशाच बसून राहिल्या. पंखा लावा म्हणण्याचा धीर मलाही झाला नाही, कारण तेव्हा चिलखताच्या पट्ट्या दिसायला लागल्या होत्या.

चेहऱ्याला तुम्ही मला त्या दिवशी हातच लावू दिला नाहीत. आधी चिलखत. काळ्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी घासायचं, म्हणजे उंच कडा तेवढ्या उजळतात आणि खाचा काळ्याच राहतात. नवशिक्याला यश देणारी जागा हीच, हे तुम्हाला ठाऊक होतं. अंगरखा कुठल्या रंगाचा, असं मी विचारलं, तर तुम्ही सांगितलंत की रोमन शिपायांचा अंगरखा लाल की पांढरा यावर जाणकारांचंच अजून एकमत नाही, “तेव्हा तुला आवडेल तो.” मी हिरवट करडा केला. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मनात काय आलं असेल ते तुमचं तुम्हाला माहीत!

डोळे पुढे कधीतरी झाले. ५४ मिलिमीटरच्या शिपायाचा डोळा तो केवढा, जेमतेम एक मिलिमीटर. आधी गडद तपकिरी रेघ, तिच्यात मळकट पांढरा, मग बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं, नाहीतर शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो. एक डोळा बिघडला तेव्हा तुमचा हात टेबलावरून निम्मा पुढे आलेला मी पाहिला. तिथेच थांबला आणि सरबताच्या पेल्याकडे वळला.

५४ हेच माप का, त्यावर तुम्ही लंडनच्या ब्रिटन नावाच्या खेळण्यांच्या कंपनीच्या पोकळ शिशाच्या शिपायांपर्यंत, थेट १८९३ सालात गेलात. तेही सगळं लक्षात आहे. पण तुमच्याकडे ज्ञान आहे म्हणून मी आभार मानत नाही, ज्ञान त्या सरांकडेही असेल. लोकलमध्ये न सांगता थोडं सरकून चौथी सीट देणारी बाई असते ना, तिच्याशी आपण दोन शब्दही बोलत नाही आणि घरी आल्यावर मात्र तीच आठवते. अशी माणसं या शहरात अजून आहेत, आणि त्यांच्यापैकी एक आमच्याच विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतं, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. हात जड नव्हता, हवा चालू होती. हे शोधून काढायला तुम्हाला मिनिटही लागलं नाही आणि ते सिद्ध करायला तुम्ही दुपारभर घाम गाळलात.

पुढचा बेत सांगून ठेवते. पाऊस सरेपर्यंत स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारायचा नाही, दमट हवेत तो खरखरीत बसतो, हे पाठ झालंय. हवा कोरडी झाली की पुण्याला कसब्यातल्या कुंभारवाड्यातून न रंगवलेले मावळे मिळतात का ते बघणार आहे. भाजलेली माती रंग पिते, म्हणून आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात द्यायचा, बरोबर? लेक म्हणतो, किल्ला कोण करणार? म्हटलं, मी. तुम्ही फक्त चेहरे बघायला यायचं.

आणि काकूंना एक निरोप द्या. ओला स्पंज आणि बटर पेपर घालून रंग ओले ठेवायला तुम्ही मला जो डबा दिलात तो त्यांचा लोणच्याचा होता, हे मला परवा कळलं. तो आता परत मिळायचा नाही. नवीन घेऊन येते, लोणच्यासकट.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची